दहापैकी दहा गुण, तरीही फसवणूक

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला. परळच्या एका ऑफिसात हिशेब विभागात त्याला नोकरी लागून पाच महिने झाले होते. एरवी दारातूनच "खाला, चहा!" अशी हाक देणारा मुलगा त्या दिवशी ओली छत्री कोपऱ्यात ठेवून गप्प बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "खाला, माझ्या हातून ऑफिसचे पैसे गेले."

झालं होतं असं. नेहमीच्या एका पुरवठादाराच्या नावानं ईमेल आला की, आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचं बिल नव्या खात्यात भरा. बिल तसंच, शिक्का तोच, भाषाही ओळखीची. त्यानं सकाळी अकरा वाजता १ लाख ८० हजार रुपये पाठवून दिले. अर्ध्या तासानं सहज पुन्हा तो ईमेल पाहिला, तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. साडेअकरालाच त्याला सगळं कळलं होतं. साहेबांना सांगितलं मात्र संध्याकाळी साडेपाचला.

"मग सहा तास काय केलंस बेटा?"

"काही नाही खाला. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. डबासुद्धा उघडला नाही."

तोवर ते पैसे त्या खात्यातून पुढच्या तीन-चार खात्यांत गेले होते. फार थोडी रक्कम अडवता आली. नोकरी राहिली, पण प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. मला सर्वांत जास्त लागलं ते त्याचं शेवटचं वाक्य. "खाला, महिन्यापूर्वीच आमचं सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग झालं होतं. शेवटी दहा प्रश्न होते. मला दहापैकी दहा मिळाले. सर्टिफिकेट पण आहे."

उत्तर पाठ, सवय नाही

वीस वर्षं मी वर्गात उर्दू आणि मराठी शिकवते आहे. दहापैकी दहा म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. मुलगा "नेहमी खरे बोलावे" या विषयावर सुंदर निबंध लिहितो आणि फुटलेली काच कुणी फोडली म्हटलं की खाली मान घालतो. माहिती एका खिशात असते, सवय दुसऱ्या.

ऑफिसांतलं सायबर ट्रेनिंग बहुतेक ठिकाणी कसं होतं, ते आपल्या घरातल्या कमावत्या मुलामुलींना विचारून पाहा. वर्षातून एकदा चाळीस मिनिटांची चित्रफीत लागते. ती एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत काम उरकलं जातं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं. सगळे पास होतात. आमच्या शाळेतही असंच चाललं होतं, हे कबूल करायला हवं. आणि उत्तरं ग्रुपवर टाकणाऱ्यांत एकदा मीही होते.

'तालीम' या एकाच शब्दाचे माझ्या दोन भाषांत दोन अर्थ आहेत. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, इल्म देणं. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. गिरगाव-लालबागच्या चाळींत गणेशोत्सवातल्या नाटकांच्या तालमी रात्र रात्र चालत. तिथं कुणी पुस्तक वाचून अभिनय शिकत नसे. उभं राहायचं, चुकायचं, सगळ्यांनी हसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या भाच्याला ऑफिसानं उर्दूतली तालीम दिली होती. त्याला हवी होती ती मराठीतली.

साहेबांचा निरोप आणि दुसरा शनिवार

फसणारी माणसं अडाणी असतात, हा गैरसमज आधी दूर करू या. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला १ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा फटका बसला. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावानं एका वरिष्ठ अधिकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर निरोप आला की, अमुक खात्यांत ताबडतोब पैसे पाठवा. पैसे गेले. नंतर कळलं की पूनावाला यांनी असा निरोप पाठवलाच नव्हता. साऱ्या जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीत हे घडलं. चोरांनी तिथलं एकही कुलूप तोडलं नाही. 'साहेबांचं काम आहे, प्रश्न विचारायचा नाही' ही आपली सगळ्यांची सवय त्यांनी वापरली.

चोर वेळही नीट निवडतात. पुण्याच्याच कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पहिला घाव ११ ऑगस्टला पडला, त्या दिवशी दुसरा शनिवार होता. बँका बंद. काही तासांत अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले गेले. त्याआधी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला, तोही गुरुवारी रात्री. ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले, कारण चोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकवून 'फँडेशन' केलं होतं आणि मधल्या एका बँकेत ते खटकलं. शिक्षिका म्हणून ही गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगते. शुद्धलेखनाला बाजारात काय किंमत आहे, असं विचारणाऱ्यांसाठी तो चोख जवाब आहे.

कॉसमॉस आणि ढाका इथं चोर थेट बँकेच्या यंत्रणेत शिरले होते. तिथं साध्या कारकुनाच्या हातात फार काही नव्हतं. पण यांतून तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. घाई, साहेबाचं नाव आणि सुट्टीची वेळ. या तिन्हींपैकी एकही दिसलं तरी हात थांबला पाहिजे. आता प्रश्न असा की, हात थांबवायला शिकवायचं कसं?

आगीची कवायत

मुंबईनं याचं उत्तर एका वेगळ्या संकटातून फार पूर्वी शिकून घेतलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. आग लागली, स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे कितीतरी जवान आग विझवता विझवता गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या आठवड्यात शाळा, दवाखाने, कारखाने इथं काय होतं? घंटा वाजते, सगळे जिन्यानं खाली येतात, मैदानात मोजणी होते. आगीवरची पुस्तिका वाचून कुणी जिना उतरायला शिकत नाही. पायांना रस्ता माहीत व्हावा लागतो.

त्याच मुंबईच्या खाडीपलीकडे, न्हावा-शेवा बंदरात, जून २०१७ मध्ये दुसऱ्या प्रकारची आग लागली. जगभर पसरलेल्या एका सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा बंद पडली आणि तिच्या ताब्यातल्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. धूर नाही, ज्वाळा नाहीत, पण मालाच्या गाड्या खोळंबल्या. या आगीसाठी आपल्याकडे घंटाही नाही आणि जिन्याची सवयही नाही. खेळ हीच तिची कवायत.

फिल नावाचा मासा

फसव्या ईमेलला इंग्रजीत जे नाव आहे ते मासेमारीवरूनच आलं आहे. गळ टाकायचा आणि बसायचं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये याच कल्पनेवर संगणकाचा एक खेळ बनवला. त्यात फिल नावाचा लहान मासा आहे. समोर किडे येतात, प्रत्येक किड्यावर एका वेबसाईटचा पत्ता असतो. खरा पत्ता असेल तर खायचा, गळ असेल तर सोडायचा. अडलं तर बाप मासा सल्ला देतो. पंधराएक मिनिटांचा हा खेळ खेळलेल्या लोकांना नंतर खोट्या वेबसाईट ओळखायला सांगितलं, तेव्हा नुसती माहिती वाचलेल्या लोकांपेक्षा त्यांनी त्या अधिक चांगल्या ओळखल्या.

दुसरी बाजूही सांगते. सॅन दिएगोच्या विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत २०२३ मध्ये १९ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने पाहणी झाली. खोटे ईमेल पाठवायचे आणि जो फसेल त्याला लगेच माहितीचं पान दाखवायचं, अशी पद्धत होती. ट्रेनिंग मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्यात फरक पडला जेमतेम १.७ टक्के. बहुतेकांनी ते पान मिनिटभरातच बंद केलं होतं. ज्यांनी प्रश्नोत्तरांचं ट्रेनिंग पूर्ण केलं, ते मात्र बरेच कमी फसले. कदाचित ती माणसं मुळातच नेटकी असतील. पण जे कुणी पाहतच नाही त्याचा उपयोग होत नाही, एवढं तर नक्की.

आपल्या रिझर्व्ह बँकेलाही हे उमगलेलं दिसतं. फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या या बँकेनं २०२२ मध्ये फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टी आणि चित्रांतून सांगणारी पुस्तिका काढली. तिचं नाव 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज'. अलिबाबा आणि चाळीस चोर ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना हे नाव परकं वाटणार नाही. एका चोराची एक गोष्ट, असं ती रोज रात्री जेवणानंतर वाचता येते.

आमच्या स्टाफरूममधले चार खेळ

भाच्याच्या प्रकरणानंतर मी मुख्याध्यापिकांकडे दोन शनिवार मागून घेतले. आमच्या शाळेत शिक्षक, दोन क्लार्क, प्रयोगशाळा सहाय्यक आणि शिपाई मिळून सव्वीस माणसं आहेत. फी, पगार, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचे आधार क्रमांक असं सगळं आमच्या संगणकांत असतं. म्हणजे शाळा हेही ऑफिसच आहे. खर्च आला फक्त पुठ्ठा आणि झेरॉक्सचा.

पहिला खेळ सापशिडीचा. हा पट मुळात नीती शिकवण्यासाठीच होता. महाराष्ट्रात तो मोक्षपट म्हणून परंपरेनं संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सूफी परंपरेतही 'शतरंजुल आरिफीन' नावाचा असाच पट आढळतो. म्हणजे फाशांनी तालीम देण्याची रीत आपल्या दोन्ही वारशांत आहे. आमच्या पटावर सापांची नावं अशी : ओटीपी सांगितला, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला, लग्नपत्रिका समजून अनोळखी फाईल मोबाईलमध्ये उघडली, पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली. शिड्या अशा : परत फोन करून खात्री केली, उठताना संगणक लॉक केला, महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळी ठेवली. फसव्या लिंकवर क्लिक करणारा साप आम्ही लहानच ठेवला. सर्वांत लांब साप ९७ वरून ४ वर येणारा होता. त्याचं नाव 'चूक लपवली'. आणि सर्वांत लांब शिडीचं नाव 'चूक झाली, लगेच सांगितलं'.

दुसरा खेळ 'गळ की घास'. वीस खरेखोटे मेसेज छापून कार्डं केली. चार-चार जणांचे गट. प्रत्येक कार्डाला एक मिनिट. टेबलावर तीन डबे : खरा, खोटा आणि 'विचारून सांगते'. बरोबर उत्तराला एक गुण आणि तिसऱ्या डब्यालाही एक गुण. ही तिसऱ्या डब्याची सोय फार महत्त्वाची. परीक्षेत 'माहीत नाही' असं लिहिलं की शून्य मिळतो, म्हणून आपण ठोकून देतो. ऑफिसात मात्र 'विचारून सांगते' हेच पुष्कळदा योग्य उत्तर असतं.

या खेळात वेबसाईटचा पत्ता वाचायला शिकवताना मी म्हटलं, "हा उर्दूसारखा उजवीकडून वाचा." सगळे हसले, पण लक्षात राहिलं. पत्त्यातली पहिली एकटी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्यापासून डावीकडे वाचत जायचं. खरा मालक तिथं असतो. डाव्या टोकाला बँकेचं नाव कितीही ठळक लिहिलेलं असो, ते पाटीवरचं नाव. घर कुणाचं, ते उजवीकडे कळतं. रिझर्व्ह बँकेनं आता बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असे पत्ते दिले आहेत. उजवीकडून वाचलं की आधी इन, मग बँक, मग बँकेचं नाव येतं. मध्ये दुसरं काही घुसलं असेल तर थांबायचं.

तिसरा खेळ 'साहेबांचा फोन'. यात मुख्याध्यापिका स्वतः पलीकडच्या खोलीत बसल्या आणि अनोळखी नंबरवरून एकेकाला फोन करू लागल्या. "मी मीटिंगमध्ये आहे, बोलू शकत नाही. पाच मिनिटांत अमुक खात्यात २५ हजार टाका, बिल नंतर देते." समोरच्यानं नकार द्यायचा, पण अदब सोडायची नाही. पहिल्या सहा जणांपैकी पाच जण अडकले. खेळ आहे हे ठाऊक असूनही तोंडातून "नाही" निघेना. मग आम्ही सर्वांनी मिळून एक वाक्य ठरवलं : "मॅडम, मी तुमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करते आणि लगेच काम करते." हे वाक्य प्रत्येकानं मोठ्यानं तीनदा म्हटलं. आणि मुख्याध्यापिकांचंही उत्तर ठरवून घेतलं : "बरं केलंत." नुसतं कर्मचाऱ्याला शिकवून भागत नाही. खात्री करून घेतल्याबद्दल साहेबाला राग येणार नाही, हे साहेबानंही शिकावं लागतं.

या खेळात बाजी मारली आमच्या शिपाईकाकांनी. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, गेटवर कुणी आलं तर मी नाव विचारतो, मग तुम्हाला विचारतो, मग आत सोडतो. फोनवर का सोडू?" वर्षानुवर्षं ट्रेनिंगच्या यादीत शिपायांचं नाव नव्हतं. त्यांना याची काय गरज, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी एमए, बीएड झालेल्या आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

चौथा खेळ 'पहिली दहा मिनिटं'. पैसे गेले आहेत असं समजायचं आणि घड्याळ लावायचं. काय करायचं? मोठ्यानं सांगायचं. बँकेला फोन करून खातं किंवा कार्ड थांबवायचं. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्यायची. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करायची. मेसेज आणि व्यवहार क्रमांक पुसायचे नाहीत. संगणकात काही शिरल्याची शंका असेल तर त्याचं इंटरनेट तोडायचं.

पहिल्या वेळी आम्हाला अकरा मिनिटं लागली, कारण बँकेचा नंबर कुणाकडेच नव्हता. एका शिक्षिकेनं तो इंटरनेटवर शोधून काढला, आणि तो खोटा निघू शकतो हे तेव्हाच ध्यानात आलं. अशा खोट्या 'कस्टमर केअर' नंबरांवर फोन करूनच कित्येक लोक दुसऱ्यांदा लुबाडले जातात. आता पासबुकावरून घेतलेला नंबर आणि १९३० हे दोन्ही आमच्या ऑफिसच्या फोनशेजारी ठळक अक्षरांत लावले आहेत. दुसऱ्या शनिवारी हेच काम चार मिनिटांत झालं.

घाई फक्त इथं करायची. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात. ते वाटेतच गोठवता यावेत म्हणूनच ही हेल्पलाइन आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच्या गफलतीनं खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तोटा ग्राहकावर येत नाही. चूक ग्राहकाची असली, तरी कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेनं सोसायचा असतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २०२२ मध्ये कंपन्यांनाही बंधन घातलं की, सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवलंच पाहिजे. मोठमोठ्या कंपन्यांना लवकर बोला असं कायद्यानं सांगावं लागतं. मग पाच महिन्यांच्या नोकरीतला मुलगा केबिनच्या दारातून परत फिरला, यात नवल ते काय!

खेळ बिघडतो कुठे

खेळ म्हटलं की सगळं गोड होतं असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या अमेरिकन कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवला की, सणानिमित्त ६५० डॉलर बोनस मिळणार आहे, माहिती भरा. ज्यांनी भरली त्यांना नंतर कळवण्यात आलं की, ही परीक्षा होती आणि तुम्ही नापास झालात. ऐन करोनाच्या वर्षात, गरज असताना केलेली ही थट्टा लोकांना झोंबली आणि कंपनीला माफी मागावी लागली. लालबागच्या एखाद्या कामगाराला दिवाळीच्या तोंडावर खोटा बोनस दाखवून कुणी 'कसा फसलास' असं हसलं, तर त्याच्या मनात काय राहील? सावधपणा नाही, राग राहील.

म्हणून आम्ही तीन नियम केले. कोण किती वेळा चुकलं, याची यादी भिंतीवर लावायची नाही. गुण गटाला द्यायचे, एकट्याला नाही. आणि पगार, आजारपण, मुलांची फी या विषयांवर कुणाची फिरकी घ्यायची नाही. वर्गातही माझा हाच अनुभव आहे. ज्या वर्गात चुकलं की हशा होतो, तिथं मुलं हात वर करणं सोडून देतात.

चौथा नियम अनुभवातून आला. एकदा खेळून भागत नाही. दोन महिन्यांनी मी तीच कार्डं पुन्हा काढली, तर निम्मे जण जुन्याच गळाला लागले. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मधल्या सुट्टीत, चहाबरोबर पाच कार्डं खेळतो. वर्षातून एकदा चाळीस मिनिटं बसण्यापेक्षा महिन्यातून दहा मिनिटं बरी.

दुकानात आणि घरात

तुमचं ऑफिस नसेल, दुकान असेल, तरी हे खेळ चालतात. क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक व्यापारी असो की दादर स्टेशनबाहेरचा फेरीवाला, गल्ल्यावरच्या मुलाला दोन वाक्यं खेळवून पाठ करून घ्या : "स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यात दिसले तरच आले" आणि "पैसे घ्यायला पिन लागत नाही". तुम्ही स्वतः गिऱ्हाईक बना, घाई करा, आवाज चढवा. मुलगा गोंधळला तर हसू नका. पुन्हा खेळा. आणि चूक झाली तर पगार कापणार नाही पण लपवलंस तर रागावेन, हे त्याला आजच सांगून ठेवा.

घरात अम्मी-अब्बांसोबत 'साहेबांचा फोन'ऐवजी 'पोलिसांचा फोन' खेळा. तुमच्या मुलाला पकडलं आहे, पैसे पाठवा, कुणाला सांगू नका, असं म्हणत येणारे खोटे फोन आता घरोघर पोहोचले आहेत. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही. 'कुणाला सांगू नका' हे शब्द आले की फोन ठेवायचा आणि पहिलं काम म्हणजे घरातल्या कुणालातरी सांगायचं. घरातला एक सांकेतिक शब्दही ठरवून ठेवा. मुलाच्या आवाजात कुणी पैसे मागितले, तर आधी तो शब्द विचारायचा. माझ्या अम्मीनं निवडलेला शब्द ऐकून नातवंडं पोट धरून हसली. तो इथं सांगणार नाही, हे ओघानं आलंच.

आमच्या वीस कार्डांपैकी दहा कार्डं भाच्यानं लिहून दिली आहेत. सतरावं कार्ड त्याचंच, जास्तीच्या एका अक्षराचा तो ईमेल. नाव-पत्ता बदलून त्यानं जसाच्या तसा उतरवला. दुसऱ्या शनिवारी तो रजा काढून आमच्या स्टाफरूममध्ये आला होता. सतरावं कार्ड निघालं आणि पाचपैकी चार गटांनी ते 'खरा' या डब्यात टाकलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि सव्वीस अनोळखी माणसांसमोर म्हणाला, "यात मी फसलो होतो. सहा तास कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही लगेच सांगा."

कुणी हसलं नाही. शिपाईकाकांनी उठून त्याला बसायला खुर्ची दिली.